डबड्यावर चालणारं जग: स्वस्त, हलका ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम निवडताना आणि सुरू करताना

माझा भाऊ बोटीवर असतो. क्रूझच्या किचनमध्ये. गोव्यात 'बोटीवर आहे' एवढं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रात आणि मी फोंड्याजवळच्या आमच्या गावात. रविवारी रात्री आमची भेट होते ती एका ऑनलाइन गेममध्ये, नदीकाठी लाकडं तोडताना. गेम दिसायला इतका साधा की माझ्या भाचीने पहिल्यांदा बघितला तेव्हा तिने विचारलं, "आते, हा अजून लोड व्हायचाय?"

लोड झालेलाच होता.

तेव्हापासून ऑफिसातले दोघे, शेजारचा एक बारावीवाला आणि एक निवृत्त मास्तर अशा चौघांना मी या नादाला लावलं. चौघांचे प्रश्न सारखेच होते: माझ्या लॅपटॉपवर चालेल का, पैसे किती जातील, आणि एवढ्या जुनाट दिसणाऱ्या गेममध्ये लोक करतात तरी काय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. (घरात आम्ही बोलतो कोकणीत, लिहितो मराठीत. गेममध्ये दोन्ही रोमन अक्षरांत टाइप करावं लागतं, त्याची सवय होते.)

रोल-प्लेइंग गेम म्हणजे एक पात्र घ्यायचं आणि कामं करत, लढत, शिकत ते वाढवायचं. ऑनलाइन म्हणजे त्याच जगात त्याच वेळी हजारो इतर माणसंही वावरत असतात आणि तुम्ही झोपलात तरी तिथला बाजार चालू राहतो. या कुळाचा मूळपुरुष १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी बनवला. त्याचं नाव मड. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळा मजकूर. म्हणजे चित्राविना जग उभं राहतं हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालेलं आहे.

लोक असले गेम का घेतात

पहिलं कारण खिसा, ते उघडच आहे. मला अकरावीला गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून संगणक मिळाला. त्यावर नवे गेम चालायचे नाहीत. ब्राउझरमध्ये उघडणारा रूनस्केप मात्र चालायचा. आम्ही दोघं भावंडं आळीपाळीने एकच पात्र चालवायचो आणि लेव्हल कोणामुळे वाढली यावरून भांडायचो. आजही महागडं ग्राफिक्स कार्ड घेणं बहुतेक घरांत बसत नाही. घरातला लॅपटॉप अभ्यासाला किंवा ऑफिसच्या कामाला घेतलेला असतो, खेळ त्याच्यावर चोरून होतो.

पण खिशामुळे आलेली माणसं पैसे हातात आले तरी तिथेच राहतात. त्याची कारणं मला इतक्या वर्षांत हळूहळू कळली.

पाच-सहा जणांनी एकत्र खेळायचं ठरवलं की गेम कोण ठरवतो? ज्याचा फोन सगळ्यात कमजोर आहे तो. एकाकडे गेमिंग लॅपटॉप असून उपयोग काय, बाकीच्यांच्या मशीनवर तो गेम उघडायला तर हवा! माझा भाऊ बोटीवर तीन वर्षांचा जुना फोन घेऊन बसलेला, मी दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर, आमचा एक मावसभाऊ कुवेतला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत. तिघांना जिथे एकदम उभं राहता येतं तो आमचा गेम. त्याच्यापेक्षा देखणे शंभर असतील, पण तिथे आम्ही तिघे एकत्र नसतो.

गावच्या नाटकाचं बघा. चवथीला, जत्रेला, कालोत्सवाला आपल्याकडे देवळासमोर मराठी नाटक होतं. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा असतो, त्याला मधोमध घडी पडलेली असते, आणि दशरथ म्हणजे पिठाच्या गिरणीवाला आहे हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी पहाटेपर्यंत अंगण भरलेलं. लोक पडदा बघायला येत नाहीत, आपला माणूस राजा झालेला बघायला येतात. हलका ऑनलाइन गेम हा तसलाच प्रकार आहे. चौकोनी डोक्याचं, बोटं नसलेलं ते पात्र माझा भाऊ आहे हे मला ठाऊक असतं, तेवढं पुरतं.

तिसरं म्हणजे अर्ध्या लक्षात खेळता येणं. चुलीवर हुमण (माशांची आमटी) आहे, टीव्हीवर बातम्या चालू आहेत, आणि पात्र एका झाडाखाली उभं राहून लाकडं तोडतंय. मिनिटभराने एक क्लिक. धडाधड गोळीबाराच्या गेममध्ये कढईकडे वळून बघितलंत की मेलात. घरचं सांभाळणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

आणि चौथं, केलेलं काम वाया जात नाही. मोठ्या चकाचक गेमांत दर काही महिन्यांनी नवा हंगाम येतो आणि मागच्या हंगामातली तलवार भंगारात जाते. जुन्या धाटणीच्या गेमांत सहा महिने हात लावला नाही तरी परत आल्यावर पात्र जसंच्या तसं. भाऊ सुट्टीवर घरी येतो तेव्हा आम्ही खेळतच नाही. तो बोटीवर परतला की जिथे सोडलं तिथून पुढे.

आता कामाला लागू.

पहिली पायरी: हातात काय आहे ते बघा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'परफॉर्मन्स' बघा. रॅम ४ जीबी असेल तरी निराश व्हायचं कारण नाही, हा लेख तुमच्यासाठीच आहे. ८ जीबी असेल तर तुम्ही सावकार. तिथेच डिस्क 'एचडीडी' आहे की 'एसएसडी' तेही दिसतं. फिरती हार्ड डिस्क असेल आणि थोडे पैसे खर्चायची तयारी असेल, तर बाकी काही न घेता फक्त एसएसडी बसवून घ्या. जुन्या लॅपटॉपला यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आणि अनेक जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत. अशा मशीनवर लिनक्स मिंट टाकता येतं, ते फुकट आहे. खाली सांगितलेला मुख्य गेम त्यावर चालतो. निवृत्त मास्तरांच्या लॅपटॉपवर आम्ही तेच केलं. त्यांना फरक एवढाच जाणवला की मशीन लवकर सुरू होतं.

गेम उघडण्याआधी ब्राउझर बंद करा. चाळीस टॅब उघडे ठेवून 'गेम अडकतो' म्हणणारे लोक मी बघितलेत.

दुसरी पायरी: नेट किती हवं, पिंग किती हवा

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नवखे नेहमी त्यांची गल्लत करतात. नेटचा वेग म्हणजे नळ किती मोठा आहे. पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो. हलक्या गेमला नळ बारीक असला तरी चालतो. सर्व्हर फक्त 'अमका इथे उभा आहे, तमक्याने कुऱ्हाड मारली' एवढंच पाठवत असतो, चित्रं तुमच्याच मशीनवर असतात. तासभर रील बघण्यात जेवढा डेटा जातो त्याच्यापुढे हा किरकोळ. डेटा खरा जातो तो डाउनलोड आणि अपडेटमध्ये, तेवढं वायफायवर उरका.

पिंगचं गणित भूगोलाचं आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गोव्याहून लंडन सरळ रेषेत साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन यायलाच ७५ मिलिसेकंद (सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले ७५), आणि केबल काही सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरून चाला. कंपनीला फोन करून भांडून हे कमी होणार नाही.

इथे जुन्या गेमांची एक खुबी कामाला येते. ओल्ड स्कूल रूनस्केपचा, म्हणजे रूनस्केपच्या जुन्या रूपाचा, सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा सगळ्यांचा हिशेब करतो. त्याला खेळाडू 'टिक' म्हणतात. तुमचा क्लिक त्या टिकच्या आत पोचला की झालं. एकाचा पिंग ५० मिलिसेकंद आणि दुसऱ्याचा २५०, तरी दोघांची कुऱ्हाड एकाच ठोक्यावर पडते. भावाच्या आधीच्या बोटीवर जुन्या पद्धतीचं उपग्रहाचं नेट होतं. तो उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, निरोप जाऊन यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. त्यावर गोळीबाराचा गेम खेळणं म्हणजे कालच्या पेपरात आजचं हवामान बघण्यासारखं. हा गेम मात्र रडतखडत का होईना, चालायचा.

तिसरी पायरी: पैसे कुठून जातात ते आधी शोधा

'फुकट' हा शब्द चार प्रकारे वापरला जातो. काही गेम खरोखर फुकट असतात आणि दुकान फक्त कपड्या-टोप्यांचं असतं. काही ठरावीक भागापर्यंत फुकट आणि पुढे महिन्याची वर्गणी. काही एकदाच विकत घ्यायचे, मग कायमचे तुमचे. २००५ सालचा गिल्ड वॉर्स तसा आहे आणि जुन्या लॅपटॉपवर छान चालतो. चौथा प्रकार वाईट. गेम फुकट, पण आत दर दोन पावलांवर बंद पेटी, पैसे टाका आणि आत काय निघतं ते बघा. मांडवीतल्या कॅसिनो बोटी रोज बघणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या काही पेट्या जुगारात धरल्या. माझं मत त्याहून कडक आहे: पेटी दिसली की गेम काढून टाका.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा ऑफिसात 'आता तुझा गेमही बंद' अशी थट्टा झाली. त्या कायद्याची बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमांवर. नुसती वर्गणी भरून खेळायचा गेम हा पैज लावणं नव्हे. मात्र गेममधलं सोनं खऱ्या रुपयांना विकायच्या फंदात पडू नका. गेमच्या नियमांत ते बसत नाही, आणि अकाउंट गेलं की त्यावरची वर्षांची मेहनतही जाते.

माझा साधा नियम, नव्याला मी हाच लावते: पहिले तीस दिवस एक रुपया खर्च करायचा नाही. तीस दिवसांनंतरही रोज उघडावंसं वाटलं तर एका महिन्याची वर्गणी भरा, वर्षाची नको. ऑटो-पे चालू झालंय का ते त्याच दिवशी तपासा. मुलाच्या हातात फोन असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. हे मी भाचीच्या एका पराक्रमानंतर शिकले, त्याचा तपशील घरातच राहू दे.

चौथी पायरी: आपला स्वभाव आणि मग गेम

वर ज्यांचं नाव आलं त्या बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले आणि त्यांना पत्त्यांची चिन्हं दिली. चौकट म्हणजे कमावणारे: लेव्हल, नाणी, यादीतला नंबर. इस्पिक म्हणजे खणणारे, ज्यांना नकाशाचा कोपरा न् कोपरा बघायचा असतो. बदाम म्हणजे गप्पिष्ट, गेम हे त्यांना निमित्त. किलवर म्हणजे दुसऱ्याला आडवं केल्याशिवाय ज्यांना जेवण गोड लागत नाही ते. मी बदाम आहे, भाऊ चौकट. शेजारचा बारावीवाला पक्का किलवर, आणि त्याच्या आईला हे मान्य नाही.

*ओल्ड स्कूल रूनस्केप* चौकट, इस्पिक आणि बदाम या तिघांनाही पुरतो. मूळ रूनस्केप ४ जानेवारी २००१ ला आला, केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. पुढे कंपनीने तो इतका बदलला की जुने लोक रुसले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक प्रत जपलेली सापडली. ती परत चालू करायची का, यावर २०१३ मध्ये खेळाडूंचं मतदान झालं, चार लाखांहून जास्त मतं पडली आणि २२ फेब्रुवारीला जुना गेम नव्याने उघडला. अजूनही मोठा बदल करायचा तर मतदान होतं. जनमत कौल म्हटला की गोव्यात १९६७ वरून (महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, यावरचा कौल) आजही आवाज चढतात. इथल्या कौलावरून भांडणं तेवढीच होतात, पण दुसऱ्या दिवशी सगळे त्याच नदीवर मासे पकडायला येतात. अशाच कौलातून मागितलेलं नौकानयन २०२५ च्या नोव्हेंबरात वर्गणीवाल्यांसाठी आलं. मी भावाला म्हटलं, घे, आता गेममध्येही बोट. तो म्हणाला, "दिवसभर बोट, आता रात्रीपण?" आणि अजून त्याने तिला हात लावलेला नाही.

*अल्बियन ऑनलाइन* किलवरांसाठी, आणि व्यापाऱ्यांसाठी. बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्हचा, २०१७ चा. २०१९ पासून फुकट आहे, २०२१ पासून फोनवरही, आणि फोनवाले व कॉम्प्युटरवाले एकाच जगात. २०२३ मध्ये आशियासाठी वेगळा सर्व्हर आला, त्यामुळे आपल्याला पिंगही बरा मिळतो. तिथल्या जवळजवळ सगळ्या वस्तू खेळाडूंनीच बनवलेल्या असतात. नकाशाला रंग आहेत: निळ्या भागात निर्धास्त फिरा, पिवळ्यात फार तर आडवे पडाल, लाल आणि काळ्यात मेलात की अंगावरचं सगळं गेलं. म्हणून तिथला पहिला नियम, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीत शिरताना पाळतो तोच: हरवलं तर चालेल एवढंच घेऊन निघायचं.

*टिबिया* जर्मनीचा, जानेवारी १९९७ चा, वरून बघायचा सपाट गेम. जुन्याची हौस असेल तरच. आणि मजकुरावर चालणारे *मड* अजून जिवंत आहेत. ज्यांना दिसत नाही असे अनेक खेळाडू स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून तिथे बरोबरीने खेळतात. कुठल्या नव्या गेमला हे इतक्या सहज जमलंय?

नवख्याने कुठून सुरू करावं असं विचाराल तर रूनस्केपपासून. पुढचं सगळं त्याला धरूनच सांगते.

पाचवी पायरी: अकाउंट

अधिकृत साइटवरून किंवा प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअपवर आलेली 'मॉड' (कोणीतरी बदललेली) फाइल घेऊ नका. नवा, दुसरीकडे न वापरलेला पासवर्ड द्या. दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू करा, 'नंतर करू' नको, आणि बॅकअपचे आकडे वहीत लिहून ठेवा. फोन पाण्यात पडतो, वही सहसा पडत नाही. कॉम्प्युटरवर गेम उघडायला रूनलाइट नावाचा पर्यायी प्रोग्राम बहुतेक जण वापरतात. तो बाहेरच्यांनी बनवलेला असला तरी कंपनीला मान्य आहे, आणि अधिकृत लाँचरमधूनच निवडता येतो. नाव गुगलून मिळेल त्या साइटवरून तो उतरवू नका, त्याच्या नावाच्या खोट्या साइट निघत असतात.

पात्राला स्वतःचं खरं नाव, गाव, जन्मसाल देऊ नका. माझ्या पात्राचं नाव एका माशावरून आहे.

सहावी पायरी: पहिले दोन तास

सुरुवातीला तुम्ही एका शिकवणीच्या बेटावर असता. तिथे मासे पकडणं, चूल पेटवणं, पाव भाजणं, तांबं आणि कथील वितळवून काशाचा सुरा बनवणं, उंदीर मारणं, बँक, सगळं एकेक गुरू शिकवतो. कंटाळा आला तरी घाई करू नका. तिथे पकडायची पहिली वस्तू म्हणजे सुंगटं (कोळंबी), हे बघून मला फार आपलेपणा वाटला होता. पुढे स्वयंपाकाची लेव्हल कमी असेपर्यंत ती करपतातही आपल्यासारखीच. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हक्काची सुंगटं मिळायचं एवढं एकच ठिकाण.

बेटावरून तुम्ही लम्ब्रिज नावाच्या गावात येता. वाड्याच्या आत स्वयंपाकी चिंतेत उभा असतो, त्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ हवं असतं. हे पहिलं काम घ्या. अंडं कोंबड्यांच्या आवारात पडलेलं असतं. गाय स्वतः पिळायची, त्यासाठी बादली लागते. गहू तोडून गिरणीवर न्यायचा, वरच्या मजल्यावर ओतायचा, दांडा ओढायचा, खाली येऊन मडक्यात पीठ भरायचं. कोणी बाण दाखवत नाही. हा गेम आवडणार की नाही ते याच कामात कळतं. गिरणीचा दांडा सापडल्यावर हसू आलं तर तुम्ही आमच्यातले. चिडचिड झाली तर दुसरा गेम बघा, त्यात कमीपणा काही नाही.

मग गावाबाहेर कोंबड्या मारा, पिसं गोळा करा. कुऱ्हाड घेऊन झाडं तोडा. लेव्हल ९९ पर्यंत जातात आणि त्याला १,३०,३४,४३१ गुण लागतात. गंमत म्हणजे त्याचा अर्धा रस्ता लेव्हल ९२ ला येतो. हे आधी कळलेलं बरं, म्हणजे पहिल्याच आठवड्यात सुट्टी टाकून ९९ करायची स्वप्नं पडणार नाहीत.

वर्ल्डची (त्याच जगाच्या वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या प्रतींची) यादी येते तेव्हा फुकटवाली निवडा. रूनलाइटमध्ये प्रत्येकासमोर पिंग दिसतो, कमी असेल तिथे जा. आकड्यांत फार गुंतू नका, ओळखीचे जिथे आहेत ते वर्ल्ड चांगलं. नवीन फुकट अकाउंटला व्यापारावर थोडे निर्बंध असतात. २० तास खेळून, एकूण लेव्हल १०० आणि १० क्वेस्ट पॉइंट (स्वयंपाक्याच्या केकसारखी कामं पुरी केल्याचे गुण) झाले की ते सुटतात. ते चोरट्या बॉटांसाठी, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामांसाठी आहेत, तुमच्यावर राग म्हणून नाहीत.

वर्गणी पैशाने न भरता मिळवायचीही एक वाट आहे. बॉण्ड नावाची वस्तू गेममधल्या नाण्यांनी बाजारात घेता येते, ती वापरली की १४ दिवसांची वर्गणी. नवख्याने मात्र तिच्या मागे लागू नये. नाणी साठवायला एवढे तास जातात की खेळाची नोकरी होते, आणि ऑफिस एक आहे तेवढं पुरे.

सेटिंग, थोडक्यात

खिडकी लहान ठेवा. गेमची मूळ चौकट ७६५ गुणिले ५०३ पिक्सेलची आहे आणि त्यात तो सगळ्यात हलका चालतो. फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो आकडा) ३० वर बांधा, पंखा ओरडणार नाही. रूनलाइटमधले सुंदर दिसायचे प्लगइन जुन्या मशीनवर बंदच ठेवा. फोनवर बॅटरी सेव्हर चालू असेल तर तो गेमला मागच्या मागे मारतो, तेवढं बघा.

माणसं आणि भामटे

एकट्याने महिनाभर खेळून सोडून देणारे पुष्कळ. टिकतात ते क्लॅन, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट, मिळालेले. भारतातल्या वेळेला जागे असणारे लोक शोधा, युरोपातल्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. नव्या क्लॅनमध्ये पहिले आठ दिवस ऐका जास्त, बोला कमी. काही मागू नका. कोणी स्वतःहून दिलं तर घ्या आणि पुढे दुसऱ्या नवख्याला द्या. नाटक मंडळात नवा पोरगा आधी पडदा ओढतो, मग भालदार होतो, मग कधीतरी त्याला संवाद मिळतात. इथेही तेच.

भामट्यांचे डाव वीस वर्षांत बदललेले नाहीत. 'तुझी नाणी दुप्पट करून देतो': पहिल्यांदा खरंच देतो, दुसऱ्यांदा गायब. 'तुझ्या चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो': चिलखत गेलं. 'चल, उत्तरेला भारी जागा दाखवतो': ती जागा वाइल्डरनेस, जिथे दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात, अंगावरच्या सगळ्यात किमती तीन वस्तू साधारणपणे उरतात, बाकी त्यांच्या. माझा बारावीवाला चेला दुप्पट नाण्यांच्या डावाला बळी पडला आणि दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. आता तो स्वतः बाजाराच्या चौकात उभा राहून नवख्यांना सावध करतो, किलवर असून.

गेमबाहेरचे डाव जास्त वाईट. 'तुमचं अकाउंट बंद होणार' असा ईमेल, फुकट नाण्यांचं आमिष दाखवणारं खोटं लाइव्ह प्रक्षेपण, खाली लिंक. लिंकवर पासवर्ड टाकायचा नाही, कधीच नाही. खरे पैसे गेले असतील तर लाज बाळगू नका, लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. उशीर जितका कमी तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

शेवटची पायरी: पाऊस

गोव्यात राहून हे सांगितलं नाही तर लेख अपुरा. आपल्याकडे लाइट जाते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली तरी फोनवरून आत जाऊन पात्राला सुरक्षित जागी नेता येतं. लढाई चालू असताना नेट तुटलं तर पात्र काही वेळ तिथेच उभं राहून मार खातं, म्हणून मे अखेरीस आणि ऑक्टोबरात, गडगडायला लागलं की लढायला जायचं नाही. झाडं तोडा, मासे पकडा. विजा जवळ आल्या की चार्जर आणि राउटर दोन्हींची वायर भिंतीतून काढा, यूपीएस असला तरी. माझा एक राउटर असाच जळालाय.

परवा रविवारी तसंच झालं. नदीकाठी उभे होतो, मी वाक्य टाइप करत होते आणि डोक्यावर कडाडलं. अर्धं वाक्य सोडून मी वायर ओढली. दीड तासाने परत आले तर भाऊ त्याच झाडाखाली, त्याच्याकडे लाकडांचा ढीग, आणि मला बघताच त्याने चॅटमध्ये लिहिलं: "पावस आयलो न्हू?"